झाकली मूठ आणि उद्योजकाचे एकटेपण

उद्योजक एकटा असतो असे म्हटले, तर ते सहसा कोणाला पटत नाही. एकटा म्हणजे ज्याच्याकडे कोणी येत-जात नाही तो, अशी आपली समजूत. मुले परगावी गेलेली म्हातारी, खोली घेऊन राहणारा परगावचा नोकरदार, यांना आपण एकटे म्हणतो. उद्योजकाच्या दारात तर सकाळपासून माणसांची रीघ लागलेली असते. हजेरीवरचे कामगार, गाडीचे भाडे मागणारा ड्रायव्हर, उधारीच्या वसुलीला आलेला पुरवठेदार, वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आलेली मंडळाची मुले, भाच्याला कोठे तरी चिकटवा म्हणणारे पाहुणे. आणि या सर्वांतून क्षणभर सुटका झाली की खिशातला फोन. अशा माणसाला एकाकी कसे म्हणावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हा भेद नीट मांडला. एक एकाकीपण असे, की ज्यात भोवती माणसेच नसतात. ओळखीपाळखी, गोतावळा, मंडळी यांचा अभाव असतो. दुसरे असे, की ज्यात माणसे पुष्कळ असतात, परंतु मनातले ज्याच्यापाशी बोलता येईल असे जवळचे कोणी नसते. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. मनातले सांगण्याजोगा माणूस नसलेल्याला आणखी शंभर माणसांत नेऊन बसविले, तर त्याचे एकटेपण कमी होत नाही. उलट ते अधिक बोचू लागते. उद्योजकाचे एकटेपण या दुसऱ्या जातीचे आहे.

ते तसे का असावे? याचे कारण त्याच्या स्वभावात नाही, त्याच्या जागेत आहे. त्याच्याभोवती जी माणसे आहेत, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा काही ना काही स्वार्थ त्याच्या सुस्थितीत गुंतलेला असतो. येथे स्वार्थ हा शब्द मी वाईट अर्थाने वापरत नाही. कामगाराला पगाराची शाश्वती हवी असते; मालक अडचणीत आहे असे कळले तर तो दुसरीकडे काम पाहील, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पुरवठेदाराला सुगावा लागला तर तो उधारी बंद करील. बँकेला कळले तर ती पुढची मर्यादा वाढविणार नाही. माल घेणारी मोठी कंपनी दुसरा वेंडर शोधील. मेहुण्याने विश्वासाने पैसे दिलेले असतात. त्याच्यापुढे तोंड उघडण्याची सोय नसते. धंद्यातला मित्र हा बहुधा त्याच धंद्यातला प्रतिस्पर्धी असतो. राहता राहिले घर. तर घरच्यांना उगाच काळजी कशाला, म्हणून तेथेही गप्प राहावयाचे. अशा रीतीने खरा हिशेब ज्याला सांगावा असा माणूस एकेक करून वजा होत जातो, आणि शेवटी बाकी शून्य उरते.

हा केवळ तर्क नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी देशातील आत्महत्यांची व्यवसायवार आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२० साली शेतीक्षेत्रातील १०,६७७ व्यक्तींनी आपले जीवन संपविल्याची नोंद झाली. त्याच वर्षी उद्योग-व्यापार करणाऱ्यांचा आकडा ११,७१६ होता. २०२१ साली हे आकडे अनुक्रमे १०,८८१ आणि १२,०५५ असे होते. ती दोन वर्षे करोनाच्या साथीची व टाळेबंदीची होती हे खरे. शिवाय शेतकरी किती, व्यापारी किती, याचे प्रमाण मांडल्यावाचून या दोन आकड्यांची तुलना करून अमक्याचे दुःख मोठे, तमक्याचे लहान, असा निवाडा करणेही योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट मात्र या आकड्यांवरून निश्चित दिसते. शेतकऱ्याच्या दुःखावर आपल्याकडे बोलले जाते, लिहिले जाते, विधिमंडळात चर्चा होते. आणि ते झालेच पाहिजे. पण जवळजवळ तेवढीच माणसे ज्या दुसऱ्या वर्गातून जात आहेत, त्याविषयी आपल्या गावात एक वाक्यही कोणी उच्चारीत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल फ्रीमन यांनी २०१५ साली २४२ उद्योजकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ३० टक्क्यांनी आपल्याला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा विकार झाल्याचे सांगितले. पाहणी परदेशातली, आणि माणसांनी स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीवर आधारलेली. तरी ती दिशा दाखविते.

आता आपण आपल्या भागाकडे वळू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके मूळचे शेतीचे व बाजारपेठेचे. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. पूर्वीच्या छावणीभोवती येथे व्यापार वाढला. दौंडला रेल्वेने मोठे केले. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते जंक्शन झाले. पुढे घोड नदीवरच्या चिंचणीच्या धरणाने आणि खडकवासल्याच्या कालव्याने पाणी आले, ऊस आला, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यानंतरच्या पिढीत आणखी एक पालट झाला. पुणे–नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथे कारखानदारी आली. सोलापूर रस्त्यावर कुरकुंभला रासायनिक उद्योगांची वसाहत झाली. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने शेकडो लहान धंदे निघाले: लेथ आणि प्रेसवर जॉबवर्क करणारे, खोके आणि पॅलेट पुरविणारे, कामगार पुरविणारे ठेकेदार, बस आणि टेम्पोवाले, मेस चालविणाऱ्या बाया, खोल्या बांधून भाड्याने देणारे. कोणी जमिनीच्या मोबदल्याचे पैसे घातले, कोणी सोने मोडले. यांतील बहुतेक जण आपापल्या घराण्यातले पहिलेच धंदेवाले आहेत.

या पालटाचा एक परिणाम आपल्या ध्यानात आलेला नाही. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, आणि तो नमुना महाराष्ट्रभर पसरला. सहकाराचे गुणदोष काहीही असोत; त्यात एक गोष्ट अशी होती की नफातोटा हजारो सभासदांचा मिळून असे. कारखाना तोट्यात गेला तर त्याची चर्चा पारावर होई, वार्षिक सभेत होई, भांडणे होत, वर्तमानपत्रात येई. त्या तोट्यात कोणी एकटा नसे. त्या सभासदाच्या मुलाने मात्र सणसवाडीला शेड भाड्याने घेऊन दोन यंत्रे टाकली, तेव्हा तोटा त्याच्या एकट्याचा झाला. बापाला तोट्याविषयी बोलण्याची सभा होती. मुलाला तशी जागा राहिली नाही. स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याबरोबर हे एकटेपणही पदरी आले.

लहान उद्योजकाच्या रात्रीची झोप कशाने उडते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडला पाहिजे. समजा, एकाचा महिन्याला १० लाख रुपयांचा माल मोठ्या कारखान्याला जातो. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून बिल होते ११ लाख ८० हजारांचे. पैसे ४५ दिवसांनी मिळाले, तर त्याचे १७ लाख ७० हजार रुपये सतत बाहेर अडकून राहतात. तेच ९० दिवसांनी मिळू लागले, तर अडकलेली रक्कम होते ३५ लाख ४० हजार. म्हणजे केवळ ४५ दिवसांच्या उशिराने त्याला आणखी १७ लाख ७० हजार उभे करावे लागतात. त्याचा निव्वळ नफा शेकडा १० धरला, तर महिन्याला तो १ लाख होतो. तेव्हा ही वाढीव रक्कम त्याच्या जवळजवळ दीड वर्षाच्या नफ्याइतकी झाली. ती तो कोठून आणणार? दरम्यान कामगारांचा पगार थांबत नाही, पोलादाची उधारी थांबत नाही, यंत्राचा हप्ता थांबत नाही. कर तर बिल केल्याबरोबर देय होतो. कच्च्या मालावर भरलेला कर वजा जाऊन उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात भरावी लागते, मग बिलाचे पैसे येवोत वा न येवोत. आणि हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या वहीत ते खाते अनुत्पादक ठरते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या माणसाचा धंदा बुडीत नाही. त्याच्याकडे काम आहे, माल चांगला आहे, कागदावर नफाही आहे. त्याच्याजवळ नाही ते आजचे रोख पैसे. बाहेरचा माणूस शेडमध्ये यंत्रे धडधडताना पाहतो आणि म्हणतो, याचे झकास चालले आहे. आतला माणूस पगाराची तारीख मोजीत असतो. दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला जी गुऱ्हाळे आहेत, तेथे व्यवहाराचे रूप निराळे, पण ताण तोच. ऊसवाल्याला पैसे द्यावयाचे, गुळव्याला व चुलाणावरच्या मजुरांना हंगामापूर्वीच उचल द्यावयाची, आणि गुळाच्या ढेपेला भाव काय मिळणार हे मात्र त्या दिवशीचा बाजार ठरविणार.

यावर कायदा नाही असे नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रार ऐकण्यासाठी सुविधा परिषदा आहेत. २०१७ पासून घरबसल्या अर्ज करण्याची सोयही झाली. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असेही ठरविले, की मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची आयकरातील वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्यावरच मिळावी. इतके असून पुष्कळ लहान उद्योजक तक्रार करीत नाहीत. का? कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर जाण्याचे भय. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याच कामावर उद्याचा पगार अवलंबून आहे. तेव्हा कायदा हाती असून तो बोलत नाही; आणि हे न बोलणे हळूहळू त्याच्या सर्व आयुष्यात पसरते.

आपल्या भाषेतच याची खूण सापडते. पत या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. बाजारात उधार मिळण्याची योग्यता ही पत, आणि समाजात असलेला मान हीही पत. पतपेढीत जी पत आहे, तीच पत ठेवण्यात आणि पत जाण्यात आहे. शब्द एकच असल्यामुळे व्यवहारही एक होऊन बसला. धंद्यातली अडचण उघड करणे म्हणजे पैशाची पत घालविणे आणि त्याच क्षणी अब्रूही घालविणे. म्हणूनच 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या व्यापाराचा पहिला धडा झाली. बाजारापुरता तो धडा बरोबरही आहे. आपली अडचण चव्हाट्यावर मांडणारा व्यापारी टिकत नाही. चूक होते ती येथे, की मूठ बाजारात झाकता झाकता ती घरात, मित्रांत, शेवटी स्वतःपाशीही झाकलेलीच राहते. सतत आवळलेल्या मुठीला जशी कळ लागते, तशीच ती मनाला लागते.

शेतकरी आणि व्यापारी यांच्या संकटातला मोठा फरकही येथेच आहे. पाऊस पडला नाही तर तो कोणाच्याच शेतात पडत नाही. दुष्काळ साऱ्या गावाचा असतो, आणि त्यात कोणी कोणाला नालायक म्हणत नाही. दिवाळे मात्र एकट्याचे निघते. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक असते, समोरच्या शेडमध्ये दिवे लागलेले असतात. त्यामुळे तोट्याचे कारण बाजारात असले, खरेदीदाराच्या उशिरात असले, तरी लोक ते माणसात शोधतात. आणि तो स्वतःही ते स्वतःतच शोधू लागतो.

यात भर पडते ती आपल्या धंद्यांच्या कायदेशीर घडणीची. एकमालकी धंद्यात मालक आणि धंदा हे कायद्याला दोन दिसतच नाहीत; धंद्याचे कर्ज ते त्याचे कर्ज. मर्यादित जबाबदारीची कल्पना हिंदुस्थानच्या कायद्यात १८५७ साली आली. धंदा बुडाला तरी माणूस बुडू नये, त्याने भागभांडवल म्हणून घातले तेवढेच जावे, हा तिचा हेतू. पुढे २००८ साली मर्यादित जबाबदारीची भागीदारी आली, २०१३ च्या कायद्याने एका व्यक्तीची कंपनीही काढता येऊ लागली. परंतु लहान उद्योजकाने कंपनी काढली, तरी कर्ज देणारा बहुधा त्याची वैयक्तिक हमी मागतो, राहते घर वा वडिलोपार्जित जमीन तारण मागतो. म्हणजे कायद्याने उभी केलेली भिंत सहीच्या एका फटकाऱ्याने पडते. मग मनातली भिंतही पडते. धंदा म्हणजे मी. धंद्याला तोटा म्हणजे मीच तोट्यात. धंदा संपला म्हणजे मी संपलो, अशी समीकरणे तयार होतात. यांतील शेवटचे समीकरण प्राणघातक आहे, आणि ते खोटेही आहे.

मोठ्या नावाने या गोष्टीपासून बचाव होतो असे नाही. नितीन चंद्रकांत देसाई हे कलादिग्दर्शक म्हणून देशभर गाजलेले; 'लगान' आणि 'जोधा अकबर' या चित्रपटांची भव्य रचना त्यांची. २००५ साली त्यांनी कर्जतला स्वतःचा स्टुडिओ उभारला. पुढे कर्ज थकले. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. अशा घटनेचे एकच कारण सांगणे कधीही बरोबर नसते, आणि गेलेल्या माणसाच्या मनात काय होते हे आपण बाहेरून सांगू नये. एवढेच म्हणता येईल, की शेकडो माणसे ज्याच्या हाताखाली राबली, लाखो प्रेक्षकांनी ज्याचे काम पाहिले, अशाही माणसाच्या वाट्याला ही वेळ येऊ शकते. मग तालुक्याच्या गावातील अनामिक उद्योजकाची काय कथा!

काळजी आणि आजार यांतला फरकही समजून घेतला पाहिजे. धंदा करणाऱ्याला काळजी असणारच. ती असली म्हणजे मन आजारी झाले असे नव्हे. काळजीला विषय असतो, आणि चेक वटला की ती उतरते. आजारात तसे होत नाही. पैसे आले तरी जीव हलका होत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होते, म्हणून फोन घेणेच बंद होते. टपाल उघडले जात नाही. ज्या कामात गोडी होती त्यात मन लागत नाही. लग्नकार्याला जाणे टाळले जाते, कारण तेथे कोणी तरी 'काय, कसे चाललेय?' असे विचारील. संध्याकाळचा पेला एकाचे दोन होतो. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो स्वभावाचा दोष नसून वैद्यकाचा विषय आहे, असे समजावे. मधुमेह लपवून कोणी बरा होत नाही, तसेच हे. २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तीत दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते.

मग उपाय काय? आपल्याच इतिहासात त्याचे एक चांगले उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावला सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. त्यानंतर बेळगावची जागाही सोडावी लागली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर माल पडून, भांडवल अडकलेले आणि शेड गेलेली! या अवस्थेत लक्ष्मणराव एकटे नव्हते. वडील बंधू रामूअण्णा धंद्यात बरोबर होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना अडचण ठाऊक होती, आणि त्यांनी १९१० साली कुंडल स्थानकाजवळचे माळरान देऊ केले. त्या माळावर जी किर्लोस्करवाडी वसली, ती मूठभर सहकाऱ्यांनी एकत्र राहून वसविली. साप आणि निवडुंग काढण्यापासूनचे सारे प्रसंग त्यांनी मिळून सोसले. लक्ष्मणरावांच्या कर्तृत्वाचे आपण गोडवे गातो ते योग्यच. पण त्या कर्तृत्वाभोवती खरी परिस्थिती ठाऊक असलेली माणसे होती, हे सांगावयास विसरतो. आणि मग तरुणांपुढे एकट्याने जग जिंकणाऱ्या वीराचे चित्र उभे राहते, जे खरे नव्हते.

दुसरे उदाहरण अगदी शेजारचे आहे. आपल्या तालुक्यांतील गावोगावी महिलांचे बचत गट आहेत. दहा ते वीस बायका ठरल्या दिवशी एकत्र बसतात. कोणी किती घेतले, किती फेडले, कोणाचा हप्ता चुकला आणि का चुकला, हे सर्वांसमक्ष वाचले जाते. नवऱ्याचे आजारपण, मेलेली शेळी, न खपलेले पापड, सारे तेथे बोलले जाते. हप्ता चुकल्याने तेथे बाईची लाज जात नाही. उलट पुढचा मार्ग काढला जातो. ज्या पुरुषांना आपण मोठे कारखानदार समजतो, त्यांना उपलब्ध नसलेली गोष्ट पापड लाटणाऱ्या बाईला उपलब्ध आहे: खरा हिशेब सांगण्याची जागा.

उद्योजकांनी हीच रीत घ्यावी. आठ-दहा जणांची बैठक. एकाच धंद्यातले दोघे नकोत, एकमेकांत देणेघेणे नको, म्हणजे स्पर्धा आणि स्वार्थ दोन्ही टळतात. महिन्यातून एकदा दोन तास. बोललेले बाहेर जाऊ नये एवढा एकच कडक नियम. प्रत्येकाने आपली येणी, देणी आणि झोप या तीन गोष्टींविषयी खरे सांगावे. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांनी मराठा चेंबर स्थापन केले. माधवराव भिडे यांच्या सॅटर्डे क्लबने मराठी उद्योजकांना एकत्र आणले. या संस्थांनी धंदा वाढविण्याचे काम केले. आता मन सांभाळण्याची अशी लहान बैठक शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, कुरकुंभ येथे प्रत्येकी एक निघाली तरी पुष्कळ काम होईल. तिला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

घरातही मूठ उघडावी. काळजी नको म्हणून पत्नीपासून, वडिलांपासून कर्ज लपविले जाते. परंतु माणसाची चिडचिड आणि त्याचे जागरण घरापासून लपत नाही. घरच्यांना आकडा ठाऊक नसतो, म्हणून त्यांच्या कल्पनेत तो अधिकच मोठा होतो. महिन्याचा हिशेब घरातल्या एका तरी माणसाला दाखविण्याची सवय धंदा बरा चालला असतानाच लावून घ्यावी. अडचणीच्या दिवशी ती नव्याने लागत नाही. ज्या बाया स्वतः धंदा चालवितात त्यांच्या घरच्यांनाही हे लागू आहे. त्यांच्यावर धंदा आणि संसार अशी दोन्ही ओझी असतात.

आणि जेथे आजाराची लक्षणे दिसतात तेथे वैद्याकडे जावे. जवळच्या शासकीय रुग्णालयात, औंधच्या जिल्हा रुग्णालयात वा ससूनमध्ये विचारणा करता येते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरावयाचे आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यावयाचे, ही एक. आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावयाचे, ही दुसरी. आपल्या ओळखीचा कोणी 'मी नसलो तर सगळे सुटेल' अशा अर्थाचे बोलू लागला, विम्याच्या कागदांची आवराआवर करू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला सरळ विचारावे, की जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का? असे विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलण्याला वाट मिळते. मग त्याला एकटे सोडू नये, आणि डॉक्टरांपर्यंत स्वतः सोबत जावे.

शेवटी, हे काम एकट्या उद्योजकाचे नाही. मोठ्या कारखान्यात खरेदी व हिशेब खात्यांत बसणारी पुष्कळ मंडळी आपल्याच गावांत राहतात. त्यांच्या टेबलावर पडून राहिलेले बिल हे कोणाच्या तरी रात्रीचे जागरण असते. ते वेळेवर पुढे सरकविणे हीदेखील मानसिक आरोग्याची सेवाच आहे. आणि आपण बाकीच्यांनी एवढे करावे, की कोणाचा धंदा बसला तर माणसाला बसला असे म्हणू नये. धंदा बंद करणे हा व्यवहारातला एक निर्णय आहे; देणेकऱ्यांशी बोलून, मुदत मागून, काही विकून तो नीट करता येतो, आणि त्यानंतर माणूस पुन्हा उभा राहू शकतो. अट एकच, की तो राहिला पाहिजे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्यातच औद्योगिक परिषद भरविली. देशाचा उद्योग वाढावा असे ज्याला वाटत होते, त्याला माणसांनी एकत्र बसून बोलावे असेही वाटत होते. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. आपणही त्या वेगळ्या मानू नयेत. बाजारात मूठ झाकलेली असू द्या. पण ती जेथे निर्धास्तपणे उघडता येईल असे एक घर, एक मित्र, एक बैठक प्रत्येक उद्योजकाला असली पाहिजे. नसेल, तर ती करून देणे हे गावाचे काम आहे.